व्हॉट इज युअर हजबंड?

इंग्रजी शिकायची हौस माझी नव्हती, ह्यांची होती. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून इथंही मी 'हे' असंच लिहिते. आता हे राहिले नाहीत, तरी हात त्या नावाशी अडतोच.

हे धुळ्याला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रस्ते, मोऱ्या, बंधारे यांची मापं घ्यायची, मजुरांवर देखरेख करायची आणि काय झालं, काय राहिलं ते साहेबाला सांगायचं, हे त्यांचं काम. साहेब गोरा होता. त्याच्या बंगल्यावर नकाशे घेऊन ह्यांना वरचेवर जावं लागे. असेच एकदा गेले असताना साहेबाची बायको व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होती. तिनं सहज विचारलं, तुझी बायको इंग्रजी बोलते का? ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "येस मॅडम."

घरी आले ते तसेच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बूटसुद्धा काढले नव्हते.

"उद्यापासून तुला इंग्रजी शिकायचंय."

"मी? आणि कशाला?"

"तुला येतं म्हणून सांगून बसलोय मी."

मी चुलीपुढं होते. मला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली, कारण ह्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

माझं माहेर साक्रीकडचं. शाळा म्हणाल तर गावात चौथीपर्यंत, तीही पाटाच्या पाण्याची पाळी नसेल त्या दिवशी. घरात सगळी अहिराणी. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा शेजारच्या बायका माझ्या बोलण्याला हसत. मी म्हणायची, "पानी गरम शे." त्या एकमेकींकडं बघायच्या आणि मागाहून माझ्यासारखं बोलून दाखवायच्या. तोंडातलं 'शे' काढून तिथं 'आहे' बसवता बसवता मी रडकुंडीला आले होते. ते नुकतं कुठं जमलं होतं. आता त्यावर इंग्रजी.

पण हे शिकवायला बसले की वेगळंच माणूस होत. दिवेलागणीनंतर ओसरीत सतरंजी टाकायची, कंदील मध्ये ठेवायचा, लेक माझ्या मांडीवर झोपलेली. ह्यांच्या शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक होतं, पाठ निसटलेलं आणि सुतळीनं बांधलेलं. ते उघडलं की ह्यांचा आवाज मास्तरांसारखा व्हायचा. कचेरीतून येताना वाकलेली पाठ ताठ व्हायची. मला ते बघायला आवडायचं, म्हणून मीही मन लावून शिकायची.

प्रश्नांवर आलो तेव्हा ह्यांनी स्वयंपाकघरातून वाटी, पेला आणि पळी आणून सतरंजीवर मांडली.

"हे बघ. हू म्हणजे कोण. माणसाला हू. व्हॉट म्हणजे काय. वस्तूला व्हॉट. विच म्हणजे कोणता. संपलं."

"मग कोणता रंग म्हणायचं असलं तर? विच कलर?"

"विच कलर." मग थोडं थांबून म्हणाले, "व्हॉट कलरही म्हणतात."

"मग त्यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही चालतं. पुढं चल."

"पण 'व्हॉट इज युअर नेम' म्हणतात ना? नाव तर माणसाचं असतं."

"माणसाचं असलं तरी नाव ही वस्तूच. नावाला व्हॉट."

ते मी पक्कं डोक्यात ठेवलं. नावाला व्हॉट. पुढं जे झालं त्यात माझी चूक शोधायला गेलं तर ती इथं सापडते. मला जे सांगितलं ते मी फार नीट लक्षात ठेवलं होतं.

उन्हाळा सरत आला तेव्हा मुलींच्या शाळेत बायकांसाठी शिवणवर्ग सुरू व्हायचा होता. उद्घाटनाला साहेबाची बायको येणार होती. ह्यांनी कचेरीतून बातमी आणली आणि माझं लुगडं कोणतं, अंबाडा कसा, चप्पल घालायची की नाही, सगळं स्वतः ठरवलं. जाताना टांग्यात बसल्यावरही म्हणत होते, "घाबरू नकोस. हाऊ डू यू डू म्हणाली की काय म्हणायचं?"

"आय अ‍ॅम व्हेरी वेल, थँक यू."

"शाब्बास."

शाळेच्या मोठ्या खोलीत बायका सतरंजीवर बसल्या होत्या. वकिलांची बायको, डॉक्टरांची बायको, सावकारांच्या सुना, सगळ्या घरंदाज. भिंतीशी नवी शिवणयंत्रं झाकून ठेवलेली. पुरुषमंडळी बाहेर झाडाखाली थांबली, त्यात हेही. मडम आली. मला वाटलं होतं ती मोठी धिप्पाड असेल. ती बारीक होती, नाकावर उन्हानं तांबडे ठिपके उठलेले, घामानं बेजार झालेली आणि तरीही हसत होती. शाळेच्या मुख्य बाई एकेकीची ओळख करून देत होत्या. कुणी नमस्कार करी, कुणी मान खाली घाली, आणि मडम काय म्हणते ते मुख्य बाई मराठीत सांगत. माझ्यापाशी आल्यावर मुख्य बाई म्हणाल्या, "धिस लेडी स्पीक्स इंग्लिश."

मडम इतकी खूश झाली की पुढं सरकून तिनं माझा हातच हातात घेतला. सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

"हाऊ डू यू डू?"

मी म्हटलं. बरोबर म्हटलं. तिनं माझं नाव विचारलं, तेही सांगितलं. माझ्या मांडीवरच्या लेकीकडं बोट करून "युअर डॉटर?" म्हणाली. मी "येस" म्हटलं. खोलीत सगळीकडं शांत झालं होतं आणि माझी छाती अभिमानानं भरून आली होती. मला वाटत होतं, हे बाहेर आहेत, पण ह्यांना ऐकू जात असणार.

मग ती म्हणाली, "अँड व्हॉट इज युअर हजबंड?"

माझ्या डोक्यात किती भरभर काय काय झालं ते मला अजून आठवतं. हजबंड म्हणजे नवरा. नवरा माणूस आहे, म्हणजे हू हवं होतं. पण ती व्हॉट म्हणाली. व्हॉट वस्तूला. नवरा वस्तू नाही. मग उरलं काय? नाव. नावाला व्हॉट. माझं नाव विचारून झालं, आता ही माझ्या नवऱ्याचं नाव विचारते आहे.

आता नवऱ्याचं नाव चारचौघींत कसं घ्यायचं? नुसतं घेता येत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. नाव घ्यायची एकच रीत मला माहीत होती. मी पदर सारखा केला, मान खाली घातली आणि मोठ्यानं उखाणा घेतला:

"पांझरेच्या पाण्यावर फडाला येतो बहर, अमुकरावांच्या संगतीनं पाहिलं धुळे शहर."

'अमुक'च्या जागी ह्यांचं नाव होतं, पहिल्यांदा आणि शेवटचं एवढ्या माणसांत घेतलेलं.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मडमेला ते गाणं वाटलं असावं. तिनं टाळ्या वाजवल्या. मग मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी खोली हसायला लागली. वकिलांची बायको पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळली. मडमेनं मुख्य बाईंना विचारलं. त्या हसू आवरत आवरत तिला काहीतरी सांगू लागल्या, आणि मडमेचा चेहरा बदलला. "ओ नो, नो," असं म्हणून ती मला काही समजावू लागली. आता तिचं एक अक्षरही माझ्या कानात शिरत नव्हतं.

मुख्य बाई म्हणाल्या, "अहो, नाव नाही विचारलं त्यांनी. तुमचे यजमान काय करतात, असं विचारतायत."

"ओव्हरसियर," मी म्हटलं. ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मडमेनं माझ्या दंडावर हलकेच थोपटलं आणि पुढच्या बाईकडं गेली. हसणाऱ्या बायकांचं मला इतकं लागलं नाही जितकं त्या थोपटण्याचं लागलं. रडणाऱ्या मुलाला थोपटतात तसं ते होतं. यंत्रांवरची कापडं काढली, फुलं वाहिली, पेढे वाटले. माझ्या हातातला पेढा लेकीनं खाल्ला. मी जमिनीकडं बघत राहिले.

बाहेर आले तर हे हसतमुखानं पुढं झाले. "टाळ्या कुणासाठी? तुझ्यासाठी ना? मी ओळखलं. बोललीस ना नीट?"

"बोलले," मी म्हटलं.

"काय विचारलं त्यांनी?"

"नाव विचारलं."

टांगेवाल्याला ह्यांनी त्या दिवशी आपणहून सांगितलं, जरा पांझरेच्या काठानं घे.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीतून आले. कोट खुंटीवर टाकला, तो खाली पडला, उचलला नाही. चहा पुढं केला तर म्हणाले, "नको."

"काय झालं?"

"साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्यावर म्हणे कविता झालीय. हेडक्लार्क हसला, ड्राफ्ट्समन हसला. दाराशी उभा असलेला पट्टेवाला, त्याला तर इंग्रजी कळतही नाही, तोही हसला." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "उखाणा घेतलास? मडमेसमोर?"

"माले समजनं नही," माझ्या तोंडून गावचं निघालं. मी जीभ चावली. "ती व्हॉट म्हणाली. मला वाटलं, नाव."

"व्हॉट म्हणजे नाव? अगं, एवढंसुद्धा…"

"तुम्हीच सांगितलंत ना? माणसाला हू, वस्तूला व्हॉट, नावाला व्हॉट. नवरा तर माणूस आहे. मग ती व्हॉट का म्हणाली?"

मी हे उलटून बोलायचं म्हणून बोलले नव्हते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. रात्रभर तोच प्रश्न डोक्यात फिरत होता आणि ह्यांच्याशिवाय मी तो विचारणार कुणाला? हे बोलायला लागले, "कारण तिथं…" आणि थांबले. मग कोनाड्यातलं पुस्तक काढलं, सुतळी सोडली आणि खिडकीशी उजेडाला जाऊन माझ्याकडं पाठ करून पानं चाळू लागले. आधी पानं भरभर उलटत होती. मग सावकाश. मग उलटायची थांबली. हे तसेच पाठमोरे उभे होते. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्यांनाही माहीत नाही.

त्याआधी मला माझी लाज वाटत होती. ती सोसता येत होती, तिची मला सवय होती. पण ते कळल्यावर जे वाटलं ते वेगळंच होतं. एखादं माणूस न्हाणीघरात असताना चुकून दार उघडावं तसं झालं. मला काही आठवायला लागलं. कचेरीत पाठवायचा रिपोर्ट हे नेहमी जुना रिपोर्ट समोर ठेवूनच लिहायचे. बंगल्यावर जायचं असलं की सकाळपासून पुटपुटत राहायचे. मला वाटायचं स्तोत्र म्हणतात. मी चुलीकडं वळले आणि नको म्हटलेला चहा उगाचच पुन्हा गरम करायला ठेवला.

त्यानंतर सतरंजी पडेना, कंदील ओसरीत येईना. मला वाटलं, सुटले. पण एके दिवशी हे म्हणाले, "पलीकडच्या गल्लीतल्या नानांकडं जाऊ या. तुझं कच्चं राहिलंय, ते पक्कं करून घेऊ."

'तुझं' या शब्दावर माझ्याकडं न बघता म्हणाले. मी म्हटलं, "बरं."

नाना जुन्या काळचे हेडमास्तर. पेन्शन घेऊन घरी बसलेले. संध्याकाळी ओट्यावर खाट टाकून, ताडाच्या पंख्यानं वारा घेत बसायचे. बाईमाणसाला इंग्रजी शिकवायचं म्हटल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या, पण शिकवायची खाज जुनी होती. मी खाली चटईवर बसले. हे उंबऱ्यापाशी वर्तमानपत्र घेऊन बसले, नुसते सोबत आल्यासारखे.

नानांनी ती मडमेची हकीगत आधीच ऐकली होती. धुळ्यात कुणी ऐकली नव्हती? ते म्हणाले, "बाई, ऐका. हू इज ही म्हटलं, तर त्या माणसाचं नाव विचारलं, कुणाचा कोण ते विचारलं. व्हॉट इज ही म्हटलं, तर त्याचा कामधंदा विचारला. वकील आहे, वाणी आहे, शेतकरी आहे. आणि विच इज ही म्हटलं, तर समोर माणसं उभी आहेत, त्यांतला तो कोणता, हे विचारलं. माणूस तोच, प्रश्न तीन."

असं कुणी सांगितलंच नव्हतं. मला एकदम दार उघडल्यासारखं झालं. माणूस की वस्तू यावर ते नव्हतंच. विचारणाऱ्याला काय हवंय, यावर होतं.

"आणि व्हॉट कलर, विच कलर?" मी विचारलं.

नानांना तो प्रश्न आवडला. "तुम्ही घरून बाजाराला निघालात. यजमानांना विचारलंत, भाजी कोणती आणू? जगातली कुठलीही चालेल. तिथं व्हॉट. बाजारात माळणीसमोर बसलात, तिच्या पाटीत मेथी आहे आणि अंबाडी आहे. यातली कोणती घेऊ? तिथं विच. आपल्या भाषेत दोन्हीकडं कोणती म्हणून भागतं, म्हणून आपण अडतो."

मला ते त्याच संध्याकाळी कळलं. पुरतं कळलं. मी उंबऱ्याकडं पाहिलं. ह्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं नव्हतं. कपाळाला आठी होती आणि ओठ हलत होते. हू आणि व्हॉट त्यांना कळलं असावं. विच निसटलं होतं. ह्यांचा चेहरा मला वाचता यायचा, कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगला.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा विचारलं. "नाना, ते विच मला नीट कळलं नाही."

"काल तर सांगितलं, बाई."

"पुन्हा एकदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी बैलांच्या बाजारावरून. ओठ पुन्हा हलले. आठी गेली नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळी मी आणखी विचारलं, आणि आणखी काही विचारलं जे मला येत होतं. कुठं हू म्हणायचं आणि कुठं हूम. कुठं हूज. नाना खरोखर कंटाळले. पंखा गुडघ्यावर आपटून ह्यांना म्हणाले, "तुमच्या बायकोचं डोकं जरा जड आहे हो!"

मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं होतं. ह्यांचा आवाज आला, "हो. तिला जरा वेळ लागतो."

वर्तमानपत्राचा आवाज झाला. पान उलटलं होतं.

घरी परतताना पांझरेच्या बाजूनं वारा येत होता. हे माझ्या पुढं चालत, नेहमीसारखे. पण त्या दिवशी मध्येच थांबले आणि मी बरोबरीला येईपर्यंत उभे राहिले.

"मागं एकदा बंधाऱ्याच्या कामावर साहेब आला होता," हे म्हणाले. "दोन्ही बाजूंना हात करून त्यानं विचारलं, विच साइड इज वीकर? मी म्हटलं, येस सर. तो थांबला. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा येस सर. मग तो स्वतः चिखलात उतरला, दोन्ही बाजू हातानं चाचपून आला आणि गाडीत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं."

"आता विचारलं तर सांगाल," मी म्हटलं.

"आता सांगेन."

एवढंच बोलणं झालं. पण लग्न झाल्यापासून माझ्याशी हे इतकं खरं कधी बोलले नव्हते.

पुढं खात्याची इंग्रजीतून तोंडी परीक्षा झाली. हे पास झाले. बढती मिळाली आणि जळगावला बदली झाली. निघण्याआधी नानांना नारळ आणि उपरणं द्यायला आम्ही दोघं गेलो. हे पाया पडून म्हणाले, "नाना, तुमच्यामुळं झालं."

नाना म्हणाले, "माझ्यामुळं कसं? मी तर बाईंना शिकवत होतो." आणि माझ्याकडं वळून विचारलं, "काय बाई, आलं का आता विच?"

"आलं, नाना," मी म्हटलं. ह्यांनी घसा साफ केला.

जळगावला नवं घर, नवे शेजारी. ह्यांना आता बरोबरीचे लोक मिळाले. सुटीच्या दिवशी चार माणसं जेवायला असायची. खापरावरचे मांडे मी करत असे आणि त्यांचं नाव झालं होतं. जेवणं रंगात आली की कुणीतरी बायकांच्या शिक्षणावर बोले, आणि मग हे ती गोष्ट सांगत. मडम, शिवणवर्ग, उखाणा. सांगायची कला ह्यांना होती. मी पदर कसा सारखा केला तेही करून दाखवत. पुढं पुढं त्यात नानाही आले. "एकच गोष्ट तीन तीन दिवस विचारायची! नाना पंखा आपटायचे!" लोक ताटावर वाकून हसत. मी वाढत असे. मीही हसत असे, नाही हसले तर पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणून.

मला वाटायचं, ह्यांच्या लक्षातच नाही. मी का विचारत होते ते ह्यांना कळलंच नाही, आणि ते बरंच आहे. कळलं असतं तर ह्यांना खाली बघावं लागलं असतं. म्हणून मी ते कधी काढलं नाही. पण कान मात्र प्रत्येक वेळी गरम व्हायचे. किती वेळा ऐकलं तरी त्याची सवय झाली नाही.

लेक मोठी झाली. शाळेत तिचं इंग्रजी चांगलं होतं. लढाई संपून चीजवस्तू जरा मिळायला लागली होती, त्या सुमारास तिला बघायला धुळ्याची मंडळी आली. मुलाचे काका हौशी होते. ते म्हणाले, "वहिनी इंग्रजी शिकल्यात म्हणे? धुळ्यात ऐकलं होतं."

झालं, ह्यांनी सुरुवात केली. मी आतल्या दाराशी होते. माझ्या पुढं लेक चहाचा ट्रे घेऊन उभी, बोलावण्याची वाट बघत. बाहेर हसण्याचा गलका झाला तशा ट्रेमधल्या कपबशा किणकिणल्या. तिची मान मागून मला दिसत होती.

मंडळी गेल्यावर ती मोरीवर कपबशा विसळायला बसली. बराच वेळ एकच बशी घासत होती.

"आई, तुला खरंच एवढं कळत नव्हतं? तीन दिवस सांगूनसुद्धा?"

मी तिच्या हातातली बशी घेऊन पुसायला लागले.

"मला तुझी लाज वाटली," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर जाववेना. वर्गात आम्हांला ते एका तासात शिकवलं, आई. एका तासात."

"नव्हतं कळत," मी म्हटलं. "गावात चौथी शिकलेली बाई मी. कुठून कळणार?"

हे तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होते. पाणी प्यायला आले असावेत, हातात तांब्या होता. आम्हां दोघींनाही ते दिसले नव्हते.

"तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं," हे म्हणाले.

लेकीनं वळून पाहिलं.

"मला कळत नव्हतं. ती माझ्यासाठी विचारत होती." मग मान खाली घालून म्हणाले, "आणि आधी चुकीचं शिकवलं तेही मीच."

तांब्या तिथंच जमिनीवर ठेवून हे बाहेर गेले. पाणी प्यायलेच नाहीत.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. त्या ओट्यावर बसल्या बसल्याच माहीत होतं. 'तिला जरा वेळ लागतो' म्हणाले तेव्हाही. पंखा आपटून दाखवायचे तेव्हाही. मी इतकी वर्षं ज्यावर पदर टाकून बसले होते, ते त्या पदराखाली ह्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि तरी हे लोकांना हसवत होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला दिसत होती ती पोरीसमोर खाली गेलेली ह्यांची मान, आणि मला ती बघावी लागली म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कधीतरी हे आपणहून बोलतील आणि मग माझ्या मनावरचं ओझं उतरेल, असं मला आतून वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. होतं त्या ओझ्यात ह्यांच्या ओझ्याची भर पडली.

लेक हात पुसत उठली. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिला काही म्हणायचं होतं, पण मी तिला शेगडीवरचं दूध बघायला सांगितलं.

धुळ्याच्या मंडळींचा होकार आला. लेक ह्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, मी आधी मॅट्रिक होणार. मी मनात म्हटलं, आता घरात वादळ होणार. पण हे "बरं" म्हणाले आणि धुळ्याला तसं कळवलंही. तिकडची मंडळी थांबायला तयार झाली. ती मॅट्रिक झाली आणि मगच लग्न झालं.

त्या दिवसानंतर ह्यांनी ती गोष्ट सांगितली नाही. जेवणावळीत कुणी जुना स्नेही आग्रह करायचा, "अहो, ती मडमेची गंमत सांगा की." हे म्हणायचे, "कुठली? विसरलो बुवा." मग पंगतीत जरा शांत व्हायचं, आणि कुणाला काही लागत नसतानाही मी आमटी आणायला आत जायची.